इंजिनाचा रकाना

आवाज मोजण्याचा कुणी पगार देतं, हे पिंपळनेरच्या बाजारपेठेत समजावून सांगणं सोपं नाही. इथलीच एक मुलगी पर्यावरणाच्या पाहण्या करणाऱ्या संस्थांसाठी काम करते. एखाद्या धरणावर, खाडीवर किंवा तलावावर काही नवं बांधायचं असेल, पर्यटन सुरू करायचं असेल, तर आधी तिथं जाऊन पक्षी मोजायचे, होड्या मोजायच्या आणि आवाज मोजायचा. गावी आली की शेजारच्या आत्या विचारतात, "बेटा, तुनी नोकरी नेमकी कशानी शे?" तिला उत्तर सुचेपर्यंत वडीलच बोलतात, "पाटकरी पानी मोजस ना, तशी हाई आवाज मोजस." आत्यांचं समाधान होतं.

पांझरा नदीच्या काठच्या माणसाला एवढं पुरतं, कारण फड बागायत इथल्या अंगवळणी पडलेली आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालची जमीन फडांमध्ये वाटलेली. एका फडात एका हंगामाला एकच पीक. आणि पाणी सोडण्याचं काम ज्याच्या त्याच्या हातात नाही. सगळ्यांनी मिळून नेमलेले पाटकरी, हवालदार, जागल्या आणि बारेकरी ते बघणार. कित्येक पिढ्या ही व्यवस्था सरकारी कायद्यावाचून चालली. पाणी सगळ्यांचं आहे म्हणून कुणीही ते कसंही वापरावं, असा अर्थ पांझरेकाठी कधी कुणी काढला नाही. नदीच्या त्याच पाण्याचं धरण झालं, धरणाचा जलाशय झाला, जलाशयावर सहली येऊ लागल्या, आणि वापराची शिस्त मात्र पाटापुरतीच राहिली. पाण्याच्या पाठीवर काय चालावं, किती वेगानं चालावं आणि केवढा आवाज करत चालावं, हे ठरवणारा जागल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक जलाशयांवर नाही. तिच्या कामाचं सगळं दुखणं इथं आहे.

काम दिसायला अगदी साधं. तिकाटण्यावर ध्वनिमापक बसवायचा, जमिनीपासून साधारण दीड मीटर उंचीवर. वाऱ्याची घरघर येऊ नये म्हणून त्याच्या तोंडाला फोमचा काळा गोळा लावायचा. सुरुवातीला कॅलिब्रेटर बसवून ९४ डेसिबलचा एकच सूर ऐकवायचा आणि यंत्र ९४च दाखवतंय ना, ते तपासायचं. मग बसून राहायचं. बोलायचं नाही, डबा उघडायचा नाही, पाय हलवायचा नाही. हिवाळ्यातल्या पहाटे पांझरेवरच्या लाटीपाडा धरणाच्या फुगवट्याकडे आकडा पस्तीसच्या आतबाहेर खेळतो. वारकरी पक्ष्यांची कुरबुर, पलीकडच्या काठावर कुणीतरी बैलाला घातलेली हाक, तराफ्यावरच्या माणसाचं खोकणं, सगळं त्या आकड्यात वेगवेगळं दिसतं.

पलीकडच्या काठावरची हाक अलीकडे इतकी स्वच्छ का येते, याला कारण आहे. पहाटे पाण्यालगतची हवा गार असते आणि वरची त्यामानानं उबदार. अशा वेळी वर जाणारा आवाज पुन्हा खाली वळतो. शिवाय पाण्याचा सपाट पृष्ठभाग आवाज शोषून घेत नाही, परतवतो. शेतात झाडं, ढेकळं, गवत आवाज खातात. पाण्यावर त्याला अडवणारं काही नाही. त्यामुळे रस्त्यावर ज्या इंजिनाकडे कुणी वळून बघणार नाही, तेच इंजिन जलाशयावर पहाटे अख्ख्या खोऱ्याला ऐकू जातं.

पाण्याच्या आत तर गोष्टच वेगळी. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात सुमारे १५००. बोटीचा पंखा जोरात फिरला की त्याच्या पात्यांपाशी बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि पाण्यातला मोठा आवाज या फुटण्याचा असतो. वेग वाढला की बुडबुडे वाढतात. म्हणून बोटीचा वेग आणि बोटीचा आवाज या दोन तक्रारी नाहीत, एकच आहे. हे ती प्रत्येक अहवालात लिहिते, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी तिला विचारतं की वेगाचा मुद्दा सुरक्षेच्या प्रकरणात टाकू का.

भिगवणच्या मच्छीमारांना हे कुठल्याही अहवालाविना ठाऊक आहे. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इथं पसरतो, हिवाळ्यापासून रोहित (फ्लेमिंगो) येतात आणि त्यांना बघायला पुण्या-मुंबईहून माणसं येतात. कुंभारगाव, डिकसळ या गावांत मासेमारी करणारी मुलं आता पक्षी दाखवण्याचंही काम करतात. त्यातला जाणता नावाडी थव्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन बंद करतो, वल्हं हातात घेतो आणि बोट तिरकी नेतो, सरळ पक्ष्यांच्या अंगावर नाही. रोहित मान खाली घालून चिखल गाळत राहतात. नवशिका नावाडी, किंवा ज्याच्या बोटीतला पाहुणा "उडवा ना, उडतानाचा फोटो पाहिजे" म्हणून हट्ट धरून बसलाय असा नावाडी, इंजिन चालू ठेवून आत घुसतो. अख्खा थवा उठतो. गुलाबी पंखांचा फोटो सुंदर येतो यात शंका नाही. पण उथळ पाण्यात चरायची जागा ठरलेली असते आणि त्या उड्डाणात पक्ष्याची सकाळची कमाई खर्ची पडते. लडाख-तिबेटकडे परतायची वाट धरणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून जातात. निघण्याआधीच्या दिवसांत अंगावर चढलेली चरबी हीच त्यांची शिदोरी. त्या दिवसांत त्यांना दर तासाला उठवणं म्हणजे ती शिदोरी वाटेआधीच सांडणं.

हे कागदावर दिसत नाही, याचं कारण सरासरीत आहे.

समजा, शांत जलाशयावर तासाभरात एकदाच एक स्पीड बोट काठाजवळून गेली. वीस सेकंद आकडा ७५ वर गेला आणि बाकीचा सगळा तास तो ३५ वर होता. ध्वनिमापक त्या तासाची सरासरी ५२ च्या आसपास काढतो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ आहे, तीही सरासरीवरच ठरवलेली. म्हणजे दिवसभर दर तासाला एक फेरी मारणारी बोट नियमात बसते. थवा मात्र दर तासाला उठतो. आकडा खरा आहे, यंत्र खरं आहे, मोजणारी मुलगी खरी आहे, आणि अहवाल सांगतो की इथं आवाजाचा त्रास नाही.

याच नियमांत शांतता क्षेत्र नावाची गोष्ट आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. जलाशय यात येत नाही. मग पाणथळ जागांचे नियम बघावेत, तर २०१७च्या नियमांनी पाणथळीच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळून टाकले आहेत. खानदेशात पाणपक्षी उतरतात ते बहुतांश अशाच जलाशयांवर. नाशिक जिल्ह्यातलं नांदूरमध्यमेश्वर हेही गोदावरीवरच्या बंधाऱ्याचंच पाणी, पण ते १९८६ साली अभयारण्य झालं, २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, त्यामुळे वाचलं. तापी-पूर्णेच्या संगमावर, चांगदेवच्या देवळाशी येऊन टेकणारं हतनूरचं पाणी पक्ष्यांच्या दृष्टीनं काही कमी नाही. वरणगावची चातक निसर्ग संवर्धन संस्था तिथं पक्षीगणना करते आणि हतनूरला रामसरचा दर्जा मिळावा म्हणून मागणी लावून धरते. ही मागणी मानाची पाटी लावण्यासाठी नाही. त्या पाटीवाचून पाण्याला कायद्याचं नावच मिळत नाही.

आता आकाशातला आवाज. नांदूरमध्यमेश्वरला बसलं की ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून चाचणीसाठी उडालेली सुखोई लढाऊ विमानं डोक्यावरून जातात. ध्वनिमापकाचा आकडा झरकन वर चढतो. तिनं पहिल्यांदा तो बघितला तेव्हा तिला वाटलं, आता सगळं पाणी रिकामं होणार. थापट्यांनी माना वर केल्या, थोडी हालचाल झाली आणि चरणं पुन्हा सुरू झालं. पुढे दुसऱ्या एका जलाशयावर लग्नाआधीचं चित्रीकरण करणाऱ्यांचा छोटा ड्रोन पाण्यावर खाली आला. त्याचा आवाज सुखोईच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. पण चक्रवाकांपासून शेकाट्यांपर्यंत जे होतं ते सगळं उठलं आणि कितीतरी वेळ उतरलंच नाही. उंचावरून एका रेषेत जाणारी वस्तू पक्षी सोडून देतो. खाली येणारी, घिरट्या घालणारी, मध्येच थांबणारी वस्तू त्याच्या लेखी ससाणा असते. शिरपूरच्या आणि जळगावच्या धावपट्ट्यांवरून प्रशिक्षणाची छोटी विमानं उडतात, त्यांच्या बाबतीतही तिचा अनुभव हाच: किती उंचीवरून गेलं हे इंजिन केवढं आहे यापेक्षा महत्त्वाचं ठरतं. त्यातही ड्रोन सगळ्यात अवघड, कारण तो सगळ्यांच्या हातात आहे. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे दोन किलोपर्यंतचा ड्रोन हौसेसाठी उडवायला पायलटचा परवाना लागत नाही.

म्हणून तिनं आपल्या तक्त्यात एक रकाना वाढवला. पक्षीगणनेच्या कागदावर जात, संख्या, वेळ, हवामान असतं. तिनं पुढे लिहिलं: इंजिन. कोणतं इंजिन, किती वाजता आलं, कुठून आलं, सरळ आलं की तिरकं, पक्षी किती अंतरावर असताना उठले, किती वेळानं उतरले, उतरले की गेलेच. डेसिबल शेवटी. बरोबरच्या मुलांना सुरुवातीला हा रकाना भरायचा कंटाळा येतो, कारण दहा माणसांच्या दहा नजरा आणि अंतराचा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. तिचं उत्तर ठरलेलं. अंदाज चुकला तर दुरुस्त करता येतो, पण नोंदच नसेल तर दुरुस्त काय करायचं?

माणसं दगावली की मात्र नोंद होते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीनं धडक दिली आणि पंधरा जण गेले. त्याआधी त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीत कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण बुडाले. प्रत्येक वेळी लाइफ जॅकेटची तपासणी झाली, परवाने तपासले गेले, आणि ते व्हायलाच हवं होतं. १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यातही बोटीची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता यावर भर आहे. बुडणाऱ्या माणसाकडे बघून नियम लिहिले की त्या नियमांना किनारा, घरटं आणि जाळं दिसत नाही. टिबुकलीचं घरटं पाण्यावर तरंगतं, कमळपक्षी पानांवर अंडी घालतो. वेगानं गेलेल्या बोटीची लाट काठाला पोचेपर्यंत बोट नजरेआड झालेली असते. नदीसुरय उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या बेटांवर उघड्यावरच अंडी घालतात, तेव्हा फक्त हिवाळ्यात बंदी घालून भागत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं.

उतरतं पाणी हा आपल्याकडचा खास मुद्दा आहे. गंगेतल्या डॉल्फिनवर २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की नदी उथळ झालेली असताना जहाजांचा आवाज आला की या प्राण्यांवर जास्त ताण पडतो. बाजूला सरकायला जागाच उरत नाही. आपल्या जलाशयांत डॉल्फिन नाहीत, पण मार्चनंतर आकसत जाणारं पाणी आहे आणि त्या आकसलेल्या पाण्यात मासे, पक्षी, जाळी, गुरं आणि सहली एकाच वेळी असतात.

इंजिनच नको, असं ती म्हणत नाही. हे तिला नंदुरबार जिल्ह्यातल्या कामानं शिकवलं. सरदार सरोवराच्या फुगवट्यात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली गावं पाण्यानं वेढली गेली. मणिबेली हे त्यातलं महाराष्ट्राच्या बाजूचं पहिलं. तिथं रेशन बोटीनं येतं, आजारी माणूस बोटीनं जातो, नर्मदेच्या पाण्यावर तरंगता दवाखाना फिरतो. १५ जानेवारी २०१९ला, संक्रांतीच्या दिवशी, भूषण गावाजवळ बोट उलटून माणसं गेली, आणि तरी दुसऱ्या दिवशी लोकांना बोटीतच बसावं लागलं. त्या पाण्यावर ऐकू येणारं डिझेल इंजिन बाळंतिणीला घेऊन चाललेलं असू शकतं. तिच्या तक्त्यात त्या बोटीसमोर 'गरज' असं लिहिलेलं असतं. आवाजावर बोलणाऱ्या शहरी माणसाला हा फरक करता आला नाही, तर काठावरचा माणूस त्याचं ऐकणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

गरजेची बोट आणि मौजेची बोट वेगळी करता येते का? इंग्लंडमधल्या विंडरमिअर तलावानं ते केलं. जोरदार मोटरबोटी आणि वॉटर स्कीइंग यांचं ते नावाजलेलं ठिकाण होतं. वाद वर्षानुवर्षं चालला, व्यवसाय बुडेल अशी ओरड झाली, आणि २००५च्या मार्चपासून तिथं ताशी साधारण १० मैलांची मर्यादा लागू झाली. बोटी बंद झाल्या नाहीत. प्रवासी लाँच चालल्या, शिडाच्या होड्या चालल्या. फक्त वेग गेला, आणि वेगाबरोबर आवाज आणि लाट दोन्ही गेली. आपल्याकडे याचं अनुकरण करायला परदेशी यंत्रणा लागत नाही. धरणाच्या भिंतीच्या बाजूला एक पट्टा, त्यात पर्यटनाची बोट. फुगवट्याच्या शेपटीकडे, जिथं पाणी उथळ आणि पक्षी जास्त, तिथं फक्त वल्हं. चालवायचंच तर जुन्या टू-स्ट्रोकऐवजी फोर-स्ट्रोक इंजिन, जमलं तर बॅटरीवरचं. आणि वेगमर्यादा परवान्यातच लिहिलेली.

लाटीपाड्यावर अजून तराफेच जास्त दिसतात. थर्मोकोलच्या तुकड्यांवर बसून, हातानं पाणी मागे सारत जाणारा माणूस संध्याकाळी जाळं टाकतो आणि पहाटे काढतो. पावसाळ्यात धरण भरून सांडव्यावरून पाणी पडायला लागलं की पिंपळनेर, साक्री, सटाण्याकडची गर्दी येते, रील निघतात, ड्रोन उडतात. इथं बोटिंग सुरू करा, चार पोरांना काम लागेल, असं अधूनमधून कुणी ना कुणी म्हणतंच. चार पोरांना काम लागेल हे खरंच आहे आणि ते ती नाकारत नाही. सुट्टीत आली असताना ती काठावरच्या मच्छीमारांशी याच विषयावर बोलायला गेली. तिला वाटलं होतं पक्ष्यांपासून सुरुवात करावी लागेल. एका म्हाताऱ्या बाबांनी तिच्याआधीच विषय काढला. ते दुसऱ्या धरणावर मजुरीनं मासेमारी करून आले होते. "इंजन वनं की मासा खाले चालना जास," ते म्हणाले, "आन पंखामा जाळं अडकनं ते जाळं बी गयं." जाळ्याची भरपाई कुणी दिली का, असं तिनं विचारलं. त्यांनी मान हलवली. जाळं पाण्यात कुठं टाकलं होतं, बोट कुठून गेली, किती वाजता गेली, यातलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. बोटवाल्यानं सांगितलं, जाळं रस्त्यात होतं.

पाण्यात रस्ता कुठला, हा प्रश्न त्या दिवशी बराच वेळ चालला. तरुण मंडळी म्हणाली, बोट आपल्याच लोकांनी चालवली तर जाळी वाचतील. दुसरे म्हणाले, आपला माणूसही पैशासाठी जोरात पळवेल. एकानं फडाची आठवण काढली: बाऱ्या ठरवून देतो तशा वेळा ठरवून द्या, पहाटे जाळी निघेपर्यंत पाण्यावर इंजिन नको, दुपारी भिंतीकडच्या बाजूला काय ते फिरवा. मग जागल्या कुणी व्हायचं आणि त्याला द्यायचं कुणी, यावर गाडी अडली. फडात जागल्याचं मोल सगळे खातेदार मिळून देतात. इथं ते तिकिटातून कापून घ्यावं, असं बाबांचं म्हणणं पडलं. ज्याला वेगानं फिरायचंय त्यानंच राखणदाराचा पगार भरायचा.

तिनं ते तिच्या टिपणात जसंच्या तसं उतरवून घेतलं. खाली तीन ओळी वाढवल्या: बोटीची चाचणी घ्यायची तर आधी वल्ह्याच्या होडीनं जाळ्यांच्या जागांचा नकाशा काढावा; ड्रोनला सांडव्याच्या बाजूला परवानगी, फुगवट्याकडे नाही; जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत मच्छीमारांतलं एक माणूस इंजिनाचा रकाना भरायला बसावं, आणि त्याला दिवसाची मजुरी मिळावी. शेवटच्या ओळीवर काठावर वाद झाला नाही. कोण बसणार, एवढंच ठरायचं राहिलं होतं, आणि त्यासाठी दोघांनी नावं दिली.